आमच्या पोरांना पडदा, मग शिक्षक कुणाला?



मागच्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम घेऊन भिवंडीतल्या एका शाळेत गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही. आठवीच्या वर्गात भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही लावलेला होता आणि त्यावर घनतेचा व्हिडिओ चालू होता. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घातलं की वर येतं. व्हिडिओ चांगला होता, पोरं मन लावून बघत होती. संपल्यावर दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, तेलात टाकलं तर?"

मॅडम थांबल्या. मग त्यांनी रिमोट उचलला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्या मॅडमवर राग काढायला मी हा लेख लिहीत नाही. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना त्या स्वतःच म्हणाल्या, "मी इतिहासाची बी.ए. आहे हो. विज्ञानाचे तास कुणीतरी घ्यायचे म्हणून घेते." टीव्ही आला, त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले. पण तो टीव्ही वापरून विज्ञान कसं शिकवायचं हे त्या बाईंना कुणी कधी शिकवलं का? त्याच्याही आधीचा प्रश्न, विज्ञान शिकवायची तयारी त्यांच्याकडून कुणी कधी करून घेतली का? दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाच्या घडणीत तंत्रज्ञान कसं आणि कुणाच्या हाती येतं, हा जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे. आपल्या चळवळीनं तो 'शिक्षणतज्ज्ञांचा विषय' म्हणून बाजूला ठेवला आहे. त्याची किंमत आपल्या वस्तीतली पोरं मोजत आहेत.

बाबासाहेबांनी काय मागितलं होतं?

शिक्षक कसा घडतो हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. सावित्रीमाई थेट वर्गात जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. आधी त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी नुसत्या शाळा मागितल्या नाहीत. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यातले बरेचसे अप्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजे आहेत, हे त्यांनी मांडलं. शिक्षक प्रशिक्षित हवेत, ते शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना नीट पगार मिळावा, ही त्यांची मागणी होती. शिक्षक कुठल्या समाजातून येतो, त्याची तयारी काय आणि त्याला मिळतं काय, हे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एकत्र विचारले होते.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कौन्सिलमध्ये बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणावरचं भाषण केलं. शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. आणि २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयला स्पष्ट लिहिलं की, अस्पृश्यांना कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा फारसा उपयोग नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं. त्यासाठी सरकारनं शिष्यवृत्त्या द्याव्यात, देशातही आणि परदेशातही.

त्या निवेदनातलं तंत्रज्ञान म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. बाबासाहेबांनी आपल्यासाठी यंत्राचं बटण दाबणारे हात मागितले नव्हते. यंत्र समजणारी आणि बनवणारी डोकी मागितली होती. आज आपल्या शाळांमध्ये 'तंत्रज्ञान' या नावाखाली जे येतंय, त्यात पोरगं बघणारं आहे आणि शिक्षक रिमोट धरणारा. १९४२ ची मागणी ही नव्हती.

शिक्षक बनवण्याचा कारखाना

महाराष्ट्रात शिक्षक कसा तयार होतो ते बघू. प्राथमिकसाठी डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड., आणि माध्यमिकसाठी बी.एड. २००० नंतरच्या दशकात आपल्या राज्यात डी.एड. महाविद्यालयांचं पीक आलं होतं. त्यांच्या मान्यतेचा वाद न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रश्नावरचा हा देशपातळीवरचा आयोग आपल्या महाराष्ट्रातल्या भानगडीतून जन्माला आला, हे विसरू नका. २०१२ च्या अहवालात आयोगानं सांगितलं की, देशातल्या सेवापूर्व शिक्षक प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के संस्था खासगी आहेत. म्हणजे शिक्षक घडवण्याचं काम सरकारनं जवळजवळ बाजारावर सोडून दिलेलं आहे.

या आयोगानंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. नव्या आराखड्यात आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज, असा एक घटक आला. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? आमच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत एक मुलगी गणित शिकवायला येते. वडील यंत्रमागावर होते, आता गोदामात आहेत. ती घरातली पहिली पदवीधर, गणितात बी.एस्सी. करून बी.एड. करते आहे. मी तिला विचारलं, "आयसीटीत काय केलं गं?" ती म्हणाली, "ताई, पीपीटी केली. चांगले मार्क मिळाले."

"कशावर केली?"

"पर्यावरणाचं महत्त्व."

गणिताच्या होऊ घातलेल्या शिक्षिकेनं तंत्रज्ञानाच्या विषयात गणिताला हातही लावला नाही. गणित अध्यापन पद्धतीचा तास वेगळा, तिथे संगणक नाही. संगणकाचा तास वेगळा, तिथे गणित नाही. हे दोन तास दोन वर्षांत एकदाही एकमेकांना भेटले नाहीत.

शिक्षणशास्त्रात या दुखण्यावर बराच विचार झालेला आहे. अमेरिकन अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की, विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि 'हाच विषय शिकवता येणं' हे तिसरंच ज्ञान असतं. अपूर्णांकांचा भागाकार येणाऱ्या प्रत्येकाला, मुलं तिथे नेमकी कुठे चुकतात हे माहीत नसतं. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू केलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचं म्हणणं असं की, तंत्रज्ञान वेगळं शिकवून भागत नाही. कुठला घटक, कुठल्या मुलांना, कुठल्या साधनानं, हे तिन्ही एकत्र जुळवता येणं हीच शिक्षकाची खरी विद्या आहे. ही विद्या सरावानं येते. पीपीटीनं येत नाही आणि शासनाच्या पोर्टलवरचा व्हिडिओ चालू ठेवून, शेवटचे प्रश्न सोडवून, प्रमाणपत्र डाउनलोड केल्यानंही येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं असं लिहिलंय. घड्याळ ५० तास मोजेल, पण त्या तासांत शिक्षकाच्या हाताखालून किती प्रयोग गेले हे कोण मोजणार?

भिवंडीतलं साधन, भिवंडीतलं गणित

मग योग्य वापर कसा असतो? आमच्याकडे घडलेलंच सांगते.

त्या बी.एड.च्या मुलीला गुणोत्तर-प्रमाण शिकवायचं होतं. पुस्तकात गाडीचा वेग आणि पाण्याची टाकी. मी म्हटलं, समोर यंत्रमाग खडखडतोय, टाकी कशाला शोधतेस? एका मालकानं परवानगी दिली. पोरांनी मोबाइलच्या स्लो-मोशनवर मागाचा व्हिडिओ घेतला आणि १० सेकंदांत शटल किती वेळा जातं ते मोजलं. २० वेळा. म्हणजे मिनिटाला १२०. मग कापडाच्या तुकड्यावर पट्टी ठेवून एका इंचात आडवे धागे किती ते मोजले. ४८. आता १२० ला ४८ नं भागा. मिनिटाला अडीच इंच कापड. तासाला १५० इंच, म्हणजे ३८१ सेंटिमीटर, पावणेचार मीटरहून थोडं जास्त. बारा तासांच्या पाळीत माग एकदाही थांबला नाही तर साधारण पावणेशेहेचाळीस मीटर.

एक मुलगा हिशोब बघत बसला आणि म्हणाला, "पण पप्पांचं एवढं कधीच निघत नाही." मग धागा तुटणं, कांडी बदलणं, लाइट जाणं, सगळं निघालं. मीटरवर मिळणारी मजुरी निघाली. एका तासात गुणोत्तर, एककांचं रूपांतर, सरासरी, आणि आपल्या बापाच्या घामाचं अर्थशास्त्र, असं चारही झालं. यात महागडं काय होतं? एक मोबाइल आणि एक पट्टी. पण हा तास त्या मुलीला सुचावा यासाठी तिला गणित यायला हवं होतं, वस्ती माहीत असायला हवी होती आणि मोबाइल हे मोजमापाचं साधन आहे हे कुणीतरी दाखवायला हवं होतं. पहिल्या दोन गोष्टी तिच्याकडे होत्याच. तिसरी तिला महाविद्यालयानं द्यायची होती.

मोबाइलमध्ये आवाज, हालचाल, प्रकाश टिपणारे सेन्सर असतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप या सेन्सरांना प्रयोगशाळा बनवतं. दोन मोबाइल पाच मीटर अंतरावर ठेवा, दोन्हींत आवाजावर चालू-बंद होणारं स्टॉपवॉच लावा. एका टोकाला टाळी वाजवा, मग दुसऱ्या टोकाला. दोन्ही मोबाइलच्या वेळेत सेकंदाच्या सुमारे ०.०२९ भागाचा फरक येतो. कारण त्या फरकात आवाजानं पाच मीटर दोनदा कापलेले असतात. १० मीटरला त्या वेळेनं भागा, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास निघतो. आमच्याकडे हा प्रयोग आजूबाजूचे माग बंद असतानाच जमतो, एवढीच अडचण. आयुष्यभर पुस्तकात वाचलेला आकडा स्वतःच्या टाळीतून निघतो तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण साधन शिक्षकाला फसवतंही. जिओजेब्रा हे भूमितीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात त्रिकोणाचा कोपरा बोटानं ओढला की त्रिकोण बदलतो, पण तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते. पोरं म्हणतात, "सिद्ध झालं!" इथे शिक्षकानं सांगावं लागतं की नाही बाळा, शंभर त्रिकोण बघणं म्हणजे सिद्धता नव्हे, एकशे एकावा कशावरून तसाच निघेल? समांतर रेषा काढ आणि कारण दे. हे वाक्य सॉफ्टवेअर बोलत नाही. ज्याला गणित म्हणजे काय हे कळलंय तो शिक्षकच बोलतो. शिक्षक कच्चा असेल तर तंत्रज्ञान त्याचा कच्चेपणा झाकत नाही, मोठ्या पडद्यावर दाखवतं.

यंत्र टाका, शिक्षक विसरा: हा प्रयोग झालेला आहे

'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' ही जगभर गाजलेली योजना आपल्या भिवंडीपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी येऊन गेली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे पेरू या देशानं लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला की, मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या चाचण्यांत काहीही फरक पडलेला दिसत नाही. यंत्र पोहोचलं होतं, शिक्षकाची तयारी पोहोचली नव्हती.

आता उलटं उदाहरण घ्या, तेही आपल्याच राज्यातलं. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. आज ते मानखुर्दला आहे. त्याच दशकात केंद्राच्या लोकांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांसोबत काम केलं. त्यांना आढळलं की, ग्रामीण मुलांना विज्ञान अवघड जातं त्याचं एक मोठं कारण पुस्तकाची बोजड भाषा आहे. डोकं कमी पडत नव्हतं, शब्द आडवे येत होते. पुढे १९८० च्या दशकात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडून त्यांच्यासोबत गणित-विज्ञानाचं काम केलं. प्रयोग करू दिले, बोलू दिलं, भाषेचा अडसर काढला. ती मुलं शालान्त परीक्षेत चांगली चमकली.

ज्यांना 'मेरिट'चा फार पुळका असतो, त्यांच्या तोंडावर फेकावा असा हा पुरावा आहे. मेरिट जन्मानं येत नाही. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली ते तयार होतं. वरच्या वर्गातल्या मुलाला हा शिक्षक तीन वेळा मिळतो, घरात शिकलेले आईबाप, शाळेत तयार शिक्षक आणि संध्याकाळी क्लास. शांतीनगर किंवा नारपोलीतल्या पोराला एकदाच मिळू शकतो, शाळेत. तिथेही त्याच्या जागी पडदा लावला, तर त्यानं जायचं कुठे?

एकलव्याची गोष्ट आपण भाषणात हजारदा सांगितली आहे. अंगठ्याची बात आपण सांगतो, पण त्याआधी काय झालं ते सोडून देतो. आधी त्याला गुरू नाकारला गेला आणि त्यानं मातीच्या पुतळ्यापुढे शिकावं अशी वेळ आणली गेली. पुतळा प्रश्नाला उत्तर देत नाही. त्या वर्गातला टीव्हीही 'तेलात टाकलं तर?' याला उत्तर देत नव्हता. वर आपल्याकडून अपेक्षा अशी की, टीव्ही दिला म्हणून आपण आभार मानावेत.

भाषेचा पेच

भिवंडीत हा प्रश्न आणखी गुंतलेला आहे. इथे मराठी शाळा आहेत, उर्दू आहेत, हिंदी आहेत, पद्मानगर भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं आहेत. तालुक्यात वीटभट्टीवर येणारी कातकरी आणि वारली मुलं आहेत, ज्यांची घरची बोली पुस्तकात कुठेच नाही. त्यात सेमी-इंग्रजीची लाट. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. शिकवणारे शिक्षक बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले. पोरगी 'डेन्सिटी' पाठ करते, पण घनता म्हणजे काय ते तिला ना इंग्रजीत कळलेलं असतं ना मराठीत.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' असं संख्यावाचन आलं, तेव्हा काय गदारोळ झाला आठवतंय? डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीनं त्यामागचं कारण सांगितलं होतं, मराठीतली जोडाक्षरी संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. त्यावर चर्चा व्हायला हवी होती, झाले विनोद. कारण हा बदल वर्गात पोहोचवणारा शिक्षक आधी तयार केलेला नव्हता. पुस्तक बदलणं सोपं, क्यूआर कोड छापणं त्याहून सोपं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आपल्या सगळ्यांना आनंद झाला. पण त्यात धडा काय आहे? ती कल्पना एका शिक्षकाची होती, ज्याला आपली पोरं माहीत होती. बाकीच्या शाळांना त्याचा कोड मिळाला, तो विचार करण्याची मोकळीक आणि तयारी मिळाली नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच पोरांचा. "ताई, आम्ही तर यूट्यूबवरच शिकलो. क्लासची फी नव्हती, मोबाइलनं वाचवलं." खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा बावीस वर्षांचा तरुण आणि अपूर्णांकात अडकलेली अकरा वर्षांची मुलगी यांत फरक आहे. तुला काय येत नाही हे तुला ठाऊक असतं, म्हणून तू शोधतोस. तिला ते ठाऊक नसतं, ते ओळखायलाच शिक्षक लागतो. आणि मोबाइल सगळ्यांच्या हातात असतो, हे कुणी सांगावं? जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी एका दलित मुलीनं जीव दिला. घरात टीव्ही बंद पडलेला, स्मार्टफोन नव्हता. केरळसारख्या राज्यात हे झालं.

दुसरा आक्षेप जुन्या कार्यकर्त्यांचा. "आधी रिकामी पदं भरा, गळकी छपरं नीट करा, संडासात पाणी द्या. तंत्रज्ञान ही पुढची चैन." पदं भरा ही मागणी पहिलीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणिताचा शिक्षक असलाच पाहिजे असं लिहिलंय, ती भीक नाही. पण 'आमच्यासाठी आधी छप्पर, तंत्रज्ञान नंतर' हे आपणच म्हणू लागलो तर व्यवस्थेला हवं तेच म्हणतो. छप्पर आपल्याला, संगणक त्यांना, ही वाटणी आपण कशाला मान्य करायची? बाबासाहेबांनी १९४२ मध्ये तंत्रज्ञान मागितलं, तेव्हा आपल्या किती वस्त्यांना छप्पर होतं?

मग करायचं काय?

सरकारकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये तंत्रज्ञान हे गणित आणि विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीच्या आतच शिकवावं, वेगळ्या पेपरात कोंडू नये. प्रत्येक छात्राध्यापकानं साध्या मोबाइलवर आणि साध्या वस्तूंवर किमान दहा प्रयोग स्वतः करून, खऱ्या वर्गात घेऊन दाखवावेत, त्याशिवाय पदवी नको. ज्या शाळेत स्मार्ट टीव्ही द्याल तिथल्या शिक्षकाला त्याच्या भाषेत, त्याच्या विषयाचं, समोरासमोर प्रशिक्षण द्या. विज्ञान शिकवावं लागणाऱ्या कला शाखेच्या शिक्षकांसाठी विषयाचा पायाभूत अभ्यासक्रम हवा, तोही नोकरीच्या वेळेत आणि अपमान न करता. आणि मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू या सगळ्या माध्यमांत साहित्य हवं. या लढ्यात पद्मानगरचा विणकर आणि गैबीनगरचा मुसलमान बाप आपला साथी आहे, हेही लक्षात ठेवा.

पण सरकार देईल तेव्हा देईल. आपल्या हातातलं आज करता येतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे जा. माहितीच्या अधिकारात विचारा, या शाळेत गणित-विज्ञान कोण शिकवतं, त्यांची पदवी कशाची, टीव्हीवर खर्च किती आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणावर किती. दोन आकडे शेजारी ठेवून वस्तीत फलक लावा. अजून एक, शिक्षकाशी भांडायला जाऊ नका. त्या मॅडमही याच व्यवस्थेनं फसवलेल्या आहेत. त्यांना सोबत घ्या.

आपल्या समाजातली शेकडो मुलं-मुली डी.एल.एड., बी.एड. करतात. फुल्यांची मागणी होती तसा आपल्यातून शिक्षक येतोय. त्यांना विहारात बोलवा, आठवड्यातून एक तास द्या, शिकवू द्या, चुकू द्या. विहारात एक पेटी करा. पट्टी, तराजू, भिंग, काचेचे ग्लास, बॅटरी, तारा, दोन जुने मोबाइल. १४ एप्रिलच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात अशा किती पेट्या होतील, हा हिशोब मी करत नाही. तुमच्या मंडळाच्या पावत्या तुमच्याकडेच आहेत, गुणोत्तर तुम्हीच काढा.

आणि ती मुलगी? शनिवारी ती अभ्यासिकेत आली. तेल महाग म्हणून आम्ही अंड्याऐवजी बटाट्याचे लहान तुकडे घेतले. साध्या पाण्यात तुकडा बुडाला, भरपूर मिठाच्या पाण्यात तरंगला. तेलाच्या वाटीत टाकायच्या आधी बी.एड.च्या मुलीनं तिला थांबवलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं? आणि का?" ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमटीवर तेल तरंगतं. म्हणजे तेल पाण्याहून हलकं. बटाटा पाण्यातच बुडाला, मग तेलात बुडणारच." टाकला. बुडाला.

दर रविवारी वंदनेत आपण धम्माचं वर्णन करताना 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. कुणी सांगतं म्हणून मानू नका, तपासून बघा, असं सांगणारा बुद्ध आपला आहे. त्या पोरीनं तेच केलं, आणि तिला ते करू देणारी शिक्षिका शेजारी बसली होती म्हणून करता आलं. अशी शिक्षिका प्रत्येक वर्गात असणं हा आपला हक्क आहे. तो मागायला आपण कधी निघायचं?

जय भीम! जय सावित्री!